रोलचा कॅमेरा घेता का, भाऊ?

होस्टेलच्या नोटीस बोर्डावर दर जूनमध्ये काय काय विकायला निघतं ते मी सांगायला नको. ड्राफ्टर, एप्रन, कूलर, गादी, सायकल आणि एकदाही न उघडलेली फर्स्ट इयरची पुस्तकं. यंदा त्यात एका नव्या वस्तूची भर पडली. "रोलचा कॅमेरा, चालू कंडिशन, फ्लॅशसकट, फक्त ३५००." त्याच्या खाली कोणीतरी पेनानं खरडलं होतं, "अन् रोल कोण देईल बे?" सगळे हसले. माझ्या मते मात्र यंदा त्या बोर्डावर लिहिलेलं सगळ्यात शहाणं वाक्य तेच होतं.

मित्रहो, मी गेली तीन वर्षं रोलवर फोटो काढतो. दोन जुने कॅमेरे घेतले, एक विकला. त्यामुळे या विषयावर चार शब्द बोलायचा थोडासा हक्क आपल्याला आहे असं समजतो. आणि विषय पैशाचा असल्यामुळे मेसमध्ये त्यावर भांडणही होऊन गेलं आहे. आधी ते भांडण सांगतो.

मी राहणारा खाप्याचा. कन्हानच्या काठचं, एकेकाळी हातमागाच्या कापडासाठी नाव असलेलं, शेजारी गुमगावची मॅंगनीजची खाण असलेलं आमचं गाव. गावात एक स्टुडिओ होता, तो बंद झाला. गेल्या दिवाळीत आपल्याच होस्टेलचा एक पोरगा (नाव नको, तो हे वाचणारच आहे) माझ्याकडे फराळाला आला आणि स्टुडिओवाल्या काकाजींकडून दोन कॅमेरे घेऊन गेला. एक याशिका मॅट १२४ जी, म्हणजे तो वरून खाली बघायचा दोन डोळ्यांचा कॅमेरा, आणि एक पेंटॅक्स के १०००. दोन्ही मिळून दोन हजार रुपये. याशिका त्यानं मुंबईला दुरुस्त करून घेतला आणि बावीस हजारांना विकला. पेंटॅक्स स्वतःला ठेवला.

ही बातमी मेसमध्ये पोहोचली आणि दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणे, "डोकं लावलं पोरानं, याला म्हणतात बिझनेस." दुसरी म्हणे, "म्हाताऱ्या माणसाला लुटलं." वरणभात थंड झाला तरी कोणी मागे हटेना.

माझं मत दोन्ही पार्ट्यांना आवडणार नाही. पण ते सांगण्याआधी या कॅमेऱ्यांचा भाव असा वर-खाली का होतो ते बघितलं पाहिजे, कारण भांडणारांपैकी निम्म्यांना बावीस हजार हा आकडा आला कुठून हेच माहीत नव्हतं.

आपल्या आईवडिलांच्या तरुणपणी कॅमेरा ही सहज मिळणारी वस्तू नव्हती. १९९१ च्या आधी परदेशी माल आणायचा म्हणजे परवाने आणि जबरदस्त ड्युटी. चांगला जपानी कॅमेरा यायचा तो दुबई-कुवेतहून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून. साध्या घरात असायचा अॅग्फा क्लिक थ्री, जो आपल्याकडे बडोद्याला बनायचा. नंतर आला याशिका एमएफ-२, ज्यात फोकस करायची भानगड नाही, बटन दाबलं की झालं. लग्नाचे, बारशाचे, शाळेच्या सहलीचे फोटो त्याच्यावरच निघाले. वर सांगितलेला आपल्या बोर्डावरचा कॅमेरा तोच. काकाजींनी आपला १२४ जी १९८९ साली नागपुरातून सेकंडहँडच घेतला होता, तोसुद्धा सोसायटीचं कर्ज काढून. म्हणजे जुन्या कॅमेऱ्याला तेव्हाही भाव होता. नवा मिळत नव्हता, म्हणून जुना टिकून होता.

मग डिजिटल आलं. २००३ मध्ये कॅननचा ३०० डी आला, हजार डॉलरच्या खालचा पहिला डिजिटल एसएलआर. २००६ मध्ये निकॉननं एफ ६ आणि एफएम १० हे दोन सोडून बाकी जवळपास सगळे रोलचे कॅमेरे बंद करायचं जाहीर केलं, आणि त्याच वर्षी कोनिका मिनोल्टा कॅमेऱ्याच्या धंद्यातूनच बाहेर पडली. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. या आठ-नऊ वर्षांत भावाची जी घसरगुंडी झाली तिला तोड नाही. गावोगावचे स्टुडिओवाले कर्जाचे हप्ते फेडून मोकळे झाले न झाले तोच त्यांच्या हातातली मशीन शून्य किमतीची झाली. भंगारवाला ती किलोवर मागायचा. गंमत बघा, मुंबईचे छायाचित्रकार दिलीश पारेख यांच्या ४,४२५ जुन्या कॅमेऱ्यांच्या संग्रहाची गिनीज बुकात नोंद झाली तेही २००३ सालीच. जग ज्या वस्तू टाकून द्यायला लागलं होतं, त्यांनी घर भरलेला माणूस त्याच वर्षी जगात पहिला आला!

आणि आता परत चढती कमान. मोबाईलवर लहानाची मोठी झालेली पोरं रोलकडे वळली. २०१७ मध्ये केंडल जेनर या मॉडेलनं अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमात आपला कॉन्टॅक्स टी २ दाखवला आणि त्या मॉडेलचा भाव जगभर आकाशाला भिडला. लोक म्हणतात एका बाईमुळे असं कसं होईल? होतं, कारण तो कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीनं तो धंदा २००५ मध्येच सोडला होता. मागणी वाढली तर कारखाना जास्त माल काढतो, हा नियम इथे चालतच नाही. जगात जेवढे के १००० आहेत तेवढेच. १९९७ नंतर एकही नवा बनला नाही. जो पडून फुटला तो कमीच झाला. पुरवठ्याची रेघ सरळ उभी असली की मागणी इंचभर सरकली तरी भाव हातभर उडी मारतो, हे आपल्याला इंजिनीअरिंग इकॉनॉमिक्सच्या पहिल्याच युनिटमध्ये शिकवलं आहे. फक्त परीक्षेनंतर आपण ते विसरतो.

आता त्या पेनानं खरडलेल्या वाक्याकडे येऊ. कॅमेरा आणि रोल या एकमेकांवर अवलंबून असलेल्या वस्तू आहेत, गाडी आणि पेट्रोलसारख्या. पंधरा-वीस वर्षांपूर्वी रंगीत रोल शंभर रुपयांच्या आसपास मिळायचा, आणि नागपुरात चौकाचौकात कलर लॅब होत्या. आज तसाच ३६ फोटोंचा रोल हजाराच्या घरात पडतो. धुऊन स्कॅन करायचे साडेचारशे धरा, माझा रोल कुरिअरनं मुंबईला जातो-येतो त्याचे दीडशे. झाले सोळाशे. भागिले छत्तीस. एका फोटोला चव्वेचाळीस रुपये! डोळे मिटलेला फोटो आला तरी चव्वेचाळीसच. १२४ जी मध्ये १२० चा रोल लागतो, त्यात बाराच फोटो, म्हणजे एकेकाला सव्वाशे-दीडशे. कटिंग चहाच्या हिशेबात काढून बघा म्हणजे पोटात गोळा येईल.

रोल इतका महाग का, तर तो बनवायला लागणारी यंत्रं मूठभर ठिकाणीच उरली आहेत. कोडॅकचा रॉचेस्टरचा कारखाना चालू राहिला त्यात हॉलिवूडचा मोठा हात आहे. २०१५ मध्ये तिथल्या स्टुडिओंनी कोडॅककडून सिनेमाची फिल्म घेत राहायचा करार केला. 'ओपनहायमर' (२०२३) आपण सगळ्यांनी पाहिला, त्यातल्या ब्लॅक अँड व्हाइट भागासाठी कोडॅकनं ६५ मिलिमीटरची खास फिल्म बनवून दिली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये हा कारखाना सुधारणांसाठी काही आठवडे बंद ठेवावा लागला, इतकी मागणी वाढली आहे. उलट फुजीनं प्रो ४०० एच हा नावाजलेला रोल जानेवारी २०२१ मध्ये बंद करून टाकला. म्हणून सांगतो, ३५०० चा एमएफ-२ घेणारानं आधी वर्षाचे रोल मोजावेत. दर महिन्याला एक म्हटला तरी एकोणीस हजार होतात. कॅमेरा त्या मानानं फुकट आहे.

आणि हेही सांगून ठेवतो की जुनं म्हणजे लाखाचं, हा एक नवीन रोग आहे. जुनी नाणी-नोटा लाखांना विकून देतो म्हणून फसवणारे इतके झाले की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला लोकांना सावध करावं लागलं. कॅमेऱ्याचंही तसंच होऊ घातलंय. माझ्या एका मावशीकडे क्लिक थ्री निघाला. ती म्हणे, "किती येतील रे, पन्नास हजार?" मावशी, पाचशे-हजार आले तरी डोक्यावरून पाणी. तो घरोघरी होता, साधी भिंगाची काच आहे आणि रोल १२० चाच लागतो. भाव वयाला नसतो. भाव असतो तो काच चांगली, दुरुस्त होतो आणि मागणारे जास्त, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की.

असो. आता भांडण.

जॉर्ज अॅकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्याला २००१ मध्ये नोबेल मिळालं, ते मुख्यतः त्याच कामासाठी. तिकडे खराब निघालेल्या गाडीला 'लेमन' म्हणतात, आपण 'डबडं' म्हणू. त्याचं म्हणणं साधं आहे. गाडी डबडं आहे की चांगली, हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा भीतभीत मधला भाव देतो. मधल्या भावात चांगली गाडीवाला विकायला तयार होत नाही, तो घरी जातो. बाजारात उरतात डबडी. मग घेणारा आणखी कमी भाव देतो... असं करत करत बाजारच बसतो. आपल्या बोर्डावरच्या "चालू कंडिशन" या दोन शब्दांवर कोणाचाच विश्वास नाही, त्याचं कारण हेच.

पण खाप्याच्या सौद्यात एक वेगळीच गोष्ट झाली. ती अॅकरलॉफच्या गाडीपेक्षा मजेशीर आहे. तिथे अज्ञान दोन्हीकडे होतं. काकाजींना कॅमेऱ्याचा प्रत्येक स्क्रू माहीत, पण आजचा भाव माहीत नाही. आपल्या पोराला भाव पाठ, पण शटर कसं आहे ते कळत नाही. मी तिथे हजर होतो म्हणून नक्की सांगतो, काकाजींनी कॅमेरा हातात देताना न विचारताच सांगितलं, "याचा एक सेकंदाचा स्पीड अडकते. थंडीत जास्तच. अन् मीटरवर भरोसा नको ठेवू बाप्पा, त्याचा सेल आता भेटत नाही." म्हणजे ज्याच्याकडे जे ज्ञान होतं ते त्यानं देऊन टाकलं. समोरच्यानं मात्र आपल्याजवळचं खिशातच ठेवलं. "काय द्यायचे काकाजी?" "दे तुले वाटन ते." दोन हजार.

दुसऱ्या पार्टीतला एक जण कायद्याची भाषा करू लागला, "ही फसवणूक आहे, केस होऊ शकते." होत नाही, भाऊ. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७ उघडा. नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे असं तिथे स्पष्टच आहे, बोलायचं कर्तव्य असेल तर गोष्ट वेगळी. खाली उदाहरणं दिली आहेत, ती वाचण्यासारखी आहेत. एका उदाहरणात दोन व्यापारी आहेत. भाव बदलल्याची खाजगी बातमी एकाला कळली आहे, दुसऱ्याला नाही. कायदा म्हणतो, सांगायची सक्ती नाही. पहिली पार्टी खूष!

पण त्याच पानावर दुसरं एक उदाहरण आहे. माणूस आजारी घोडा विकतोय आणि घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी आहे. तिथे मात्र घोडा आजारी आहे हे सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं, कारण नातं तसं आहे. मला वाटतं आपला सगळा प्रश्न या दोन उदाहरणांच्या मध्ये कुठेतरी बसतो. काकाजी आणि होस्टेलचं पोरगं हे दोन व्यापारी होते का? काकाजींनी माझा बालवाडीपासूनचा प्रत्येक फोटो काढला. आमच्या गावातल्या अर्ध्या लोकांच्या अॅडमिशनच्या फॉर्मवर त्यांनीच काढलेले चेहरे चिकटवलेले आहेत. त्यांनी सौदा केला तो पोराला पाहून, माझ्या ओळखीवर, "शिकणारं पोरगं आहे, वापरन" म्हणून. व्यापारी म्हणून ते तिथे बसलेच नव्हते. जिथे एक जण विश्वासानं देतोय आणि दुसरा बाजारभावानं घेतोय, तिथे बोललं पाहिजे. कायदा सक्ती करणार नाही हे कबूल. पण कायद्याला करता येत नाही अशा पुष्कळ गोष्टी आपण रोज करतो, मेसच्या रांगेत घुसत नाही ही त्यातलीच एक (काही जण घुसतात, त्यांची नावं बोर्डावर लावावीत).

यावर पहिल्या पार्टीच्या काटोलच्या गड्यानं जोरदार मुद्दा मांडला. "संत्र्याची बाग व्यापारी झाडावर फळ असतानाच घेतो. तो शेतकऱ्याले सांगते का दिल्लीत काय भाव सुरू आहे?" मुद्दा खरा आहे. त्याच्या घरच्यांनी हे सोसलं आहे, म्हणून त्याच्या बोलण्याला वजन आहे. पण मी त्याला एवढंच विचारलं की तुझ्या वडिलांना ते बरं वाटायचं का? आणि आता ते बाग देण्याआधी कळमन्याचा भाव मोबाईलवर का बघतात? भाव कळला की व्यापारी काही पळून जात नाही, तो नफा कमवतोच. फक्त सौदा दोघांचा होतो.

आता पहिल्या पार्टीची बाजूही सांगतो, कारण "लुटलं" हा शब्द मला मान्य नाही. त्या पोरानं मुंबईला दोन फेऱ्या मारल्या, प्रवासाला तेराशे गेले. दुरुस्तीवाल्यानं शटर उघडून साफ केलं, साडेतीन हजार घेतले. टेस्टचा एक रोल धुऊन-स्कॅनसकट सतराशे. ही मेहनत झाली नसती तर खाप्यात तो कॅमेरा बावीस हजारांचा नव्हताच. शिवाय काचेत बुरशी निघाली असती तर सगळं बुडालं असतं. बावीसमधून हा साडेसहा हजारांचा खर्च वजा केला की राहतात साडेपंधरा. पोराच्या मेहनतीचे आणि जोखमीचे पाच हजार धरा, मी तर खुशीनं धरतो. उरतात दहा-साडेदहा हजार. माझ्या हिशेबानं काकाजींच्या दारात त्या कॅमेऱ्याची योग्य किंमत ही होती. दोन नव्हे आणि बावीसही नव्हे. बावीस द्यायला हवे होते असं म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतः कॅमेरा घेऊन मुंबईच्या जनरल डब्यात उभं राहून यावं.

हा हिशेब मी काकाजींनाही सांगितला. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मले सांगितलं असतं तं मी काय नाही म्हटलं असतं? अर्धे-अर्धे केले असते." याच्यावर मी काय बोलणार. त्यानंतर पोराचं आणि त्यांचं काय ठरलं ते त्या दोघांतलं आहे, इथे छापायचं कारण नाही.

आपण इंजिनीअरिंगचे विद्यार्थी आहोत, तर या अज्ञानावर काही उपाय आपल्याच हातात आहेत. "चालू कंडिशन" या शब्दांऐवजी आकडे लिहिता येतात. मागचं झाकण उघडा, शटरच्या मागे दिवा ठेवा आणि मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये शूट करा. सेकंदाला २४० फ्रेम म्हणजे एक फ्रेम सुमारे चार मिलिसेकंदांची. १/६० च्या स्पीडला चार फ्रेम उजेड दिसला पाहिजे. आठ दिसले तर शटर निम्म्या स्पीडनं चालतंय, फोटो एक स्टॉप जास्त उजळ येणार. १/१२५ ला दोनच फ्रेम येतात, तिथे हे तंत्र थकतं. त्याच्या वरच्या स्पीडसाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये एक फोटोट्रान्झिस्टर आणि सीआरओ पुरतो. पाटील सर की देशमुख सर, ज्यांची बॅच असेल त्यांनी परवानगी दिली तर एका प्रॅक्टिकलमध्ये दहा कॅमेरे तपासून होतील, आणि जर्नलमध्ये लिहायला पहिल्यांदाच खरं रीडिंग मिळेल!

मीटरच्या सेलचं काकाजी म्हणाले ते शंभर टक्के बरोबर आहे. १२४ जी सारख्या कॅमेऱ्यांमध्ये पाऱ्याचा सेल लागायचा, १.३५ व्होल्टचा. त्याचा गुण असा की संपेपर्यंत व्होल्टेज जवळपास हलत नाही. पारा विषारी म्हणून अमेरिकेत १९९६ च्या कायद्यानं असे सेल विकणं बंद झालं आणि हळूहळू बाकी जगातही. आता दुकानदार त्याच मापाचा अल्कलाइन सेल देतो, तो १.५ व्होल्टपासून सुरू होतो आणि उतरत जातो. मीटर त्यावर हलतो, म्हणून घेणाऱ्याला वाटतं चालू आहे. चालू आहेच, पण खोटं बोलतोय. यावर कानाच्या मशीनचा झिंक-एअर सेल चालतो, ६७५ नंबरचा, साधारण १.४ व्होल्टचा. आकारानं किंचित लहान असतो म्हणून भोवती रबरी रिंग बसवायची. नाहीतर सिल्व्हर ऑक्साइडच्या सेलबरोबर एक शॉटकी डायोड जोडून द्यायचा. जो हे करून विकतो त्यानं पाचशे रुपये जास्त मागितले तर ते त्याचे हक्काचे आहेत.

काचेत तिरका टॉर्च मारून बघायचं, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले की बुरशी. आपल्याकडे मे महिन्यात काही होत नाही, पण श्रावणात बंद कपाटातल्या कॅमेऱ्याचं लोणचं होतं. नव्या बुटांच्या खोक्यातली सिलिकाची पुडी फेकू नका, कॅमेऱ्यासोबत घट्ट झाकणाच्या डब्यात टाका. झाकणाच्या खाचेतला फोम जुना झाला की डांबरासारखा चिकट होतो आणि फोटोवर लाल-पिवळे पट्टे येतात. तो खरवडून काढून काळी लोकर बसवली की काम झालं, खर्च दहा रुपये. एवढं तपासायला एक दुपार लागते, आणि तेवढ्यानं ३५०० चा कॅमेरा खरा ३५०० चा आहे की ८०० चा ते समजतं.

भावाचंही तसंच करता येईल. मी नोटीस बोर्डाच्या एका कोपऱ्यात दर सेमिस्टरला एक कागद लावायचं ठरवलं आहे, वॉर्डन सरांनी हो म्हटलं आहे. त्यावर मागितलेले भाव नसतील. मागायला काय, कोणीही काहीही मागतो. ओळखीत जे कॅमेरे खरोखर विकले गेले तेवढेच असतील. मॉडेल, तपासणीचे आकडे, दुरुस्तीचा खर्च आणि हातात पडलेली रक्कम. ज्याला आपल्या गावच्या स्टुडिओतून काही घ्यायचं असेल त्यानं त्या कागदाचा फोटो काढून आधी समोरच्या काकांना दाखवावा, मग घासाघीस करावी. खुशाल करावी, घासाघिशीला माझा विरोध नाही.

पहिल्या कागदासाठी एका वस्तूचा भाव मला अजून मिळालेला नाही. काकाजींकडे एक एन्लार्जर आहे, ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढायचा, वर कंडेन्सरची मोठी काच, खाली लाकडी पाट. डेव्हलपर वीस डिग्रीला लागतो म्हणून उन्हाळ्यात रसवंतीवरून बर्फ आणून ट्रेभोवती रचायचे, त्या काळातला. बल्ब गेला आहे, बेलो ठीक आहे, भिंग स्वच्छ आहे. त्यांना तो विकायचा आहे आणि यावेळी किती सांगायचे ते त्यांनी मला विचारलं आहे. कोणाच्या घरी, गावात किंवा ओळखीच्या कलामहाविद्यालयात असा एन्लार्जर गेल्या दोन-तीन वर्षांत विकला गेला असेल, तर किती रुपयांना, ते मला मेसमध्ये गाठून सांगा. स्टाफपैकी कोणाला माहीत असेल तर फारच छान.